बिनपाण्याचं दूध

गेल्या चैत्रात आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची दिनदर्शिका उतरली आणि तिथं एक कागद लटकला. बिदरच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी तो लिहून दिला होता. वर माझं वय आणि वजन, आणि खाली दूध, दही, तूप, तेल यांतलं काय किती घ्यायचं याचं टिपण. वय मी सांगितलं तेच होतं. वजन मात्र मी सांगितलं त्यापेक्षा चार किलो जास्त होतं, कारण मॅडमनी माझ्या शब्दावर न जाता मला काट्यावर उभं केलं होतं.

एकसष्टाव्या वर्षी, जन्मभर ज्याची पर्वा केली नाही ते वजन मोजायला मी कामून गेलो, हे आधी सांगायला हवं.

त्याआधीच्या थंडीत माझी बायको गेली. आमच्यात माणसाला आपल्याच रानात बसवून पुरतात. आमचं रान हुलसूरपासून फार लांब नाही, पण ट्रॅक्टर नाल्यापर्यंतच जातो. पुढं काळ्या मातीतला अरुंद बांध, तासभराची चाल. माझा उजवा गुडघा तेव्हाच निकामी होत आला होता. तिला घेऊन माणसं पुढं गेली आणि मी मागं राहिलो. दोन पुतण्यांनी दोन्हीकडून धरलं, तरी दर वीस पावलांवर थांबावं लागत होतं. दिवस बुडायला आला होता, विधी सांगणारे स्वामी घाई करत होते, आणि कुणाचंच काही चुकलं नाही. मी पोचलो तेव्हा माती लोटायला सुरुवात झाली होती. चेहरा दिसला नाही.

त्यानंतर मी तिकडं गेलो नाही. जाता येत नव्हतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, बारा किलो उतरवा, मग चालताही येईल आणि कदाचित कापावंही लागणार नाही. वर्षाच्या दिवशी घरची माणसं समाधीवर जाणार होती. त्या दिवशी कुणी न धरता, सगळ्यांच्या बरोबरीनं तिथं पोचायचं, एवढंच मी ठरवलं. हे मी फक्त अक्काला सांगितलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. करजगीला दिलेली. भावजयीच्या दिवसांना म्हणून आली ती परत गेलीच नाही. तिथं सून आहे बघायला, इथं कोण आहे, एवढंच म्हणाली. अंगानं तुराटीसारखी बारीक, आणि भाकरीवर तूप वाढून घेताना "बास" म्हणायला कायम विसरते. माझा बेत ऐकून ती कणीक मळायची थांबली.

"बारा किलो म्हंजी एक थोरलं करडू व्हय रे. इतके दिवस ते पोटात घेऊन फिरायलास?"

"उतरवायचंय."

"उतरव की. न्हाई उतरलं तर खाटेवर घालून नेऊ. रस्त्यानं माणसं विचारतील, आता कोण गेलं म्हणून. तू खाटेवरनंच सांग, कुणी न्हाई, जेवून आलोय."

मॅडम माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. कन्नडमध्ये सुरुवात करायच्या आणि माझा चेहरा बघून मराठीत संपवायच्या. मी सदतीस वर्षं प्रश्न विचारले. उत्तरं द्यायची वेळ आली तेव्हा माझी वर्गातल्या ढ मुलासारखी गत झाली.

"तूप किती खाता?"

"घरचं आहे."

"किती, विचारलं मी."

"घरचं असल्यामुळं मोजलं नाही."

"तेल कोणतं?"

"करडईचं. घाण्यावरचं. आमच्याच रानातल्या करडईचं." हे मी जरा ताठ बसून सांगितलं.

"सर, कुणाच्या रानातलं आहे हे पोटाला कळत नाही. चमचा तो चमचा. करडई, शेंगा, सूर्यफूल, सगळ्यांचं वजन अंगावर सारखंच चढतं. तूपही त्यांच्याच रांगेत. गुण वेगळे असतील, माप तेच." मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "आणि दूध?"

"म्हशीचं. रोज एक लिटर. अक्का चहापुरतं घेते, बाकी माझ्याकडंच. चार वेळा चहा, दोन वाट्या दही, संध्याकाळी पेलाभर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हशीचं, एवढं?"

"घट्ट नसतं," मी घाईनं म्हणालो. "गवळी पाणी घालतो."

"किती?"

"बायको म्हणायची, तिसरा हिस्सा."

त्यांनी पुन्हा पेन उचललं, मनाशी हिशेब केला आणि पहिल्यांदा हसल्या. "मग दूध राहू दे. साय काढा, तूप दिवसाला एक चमचा, तेल दोघांत मिळून महिन्याला एक लिटर. तुमच्या गवळ्यानं माझं अर्धं काम आधीच करून ठेवलंय."

घरी येताना मला गवळ्याबद्दल थोडी कृतज्ञता वाटली, हे मान्य करतो.

पुढचे दोन महिने मी अभ्यासाला लागलो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या कापून ठेवल्या. डब्यांवरचं बारीक छापलेलं भिंग घेऊन वाचलं. एका पुरवणीत सूर्यफुलाची बाजू घेतली होती म्हणून सूर्यफूल आणलं. दुसरीत शेंगदाण्याचं कौतुक होतं म्हणून ते आणलं. तिसरीत आपल्या मुलखातलं तेलच चांगलं असं निघालं, म्हणून करडईवर परत आलो. शेंगाच्या चटणीत अंगठ्यानं खळगा करून त्यात तेल ओतायची आमच्याकडं पद्धत आहे. मुलखातलं तेल म्हटल्यावर मी खळगा जरा खोल केला.

अक्का बघत होती. "तीन तेलं बदललीस. पळी तीच हाय."

पळी बदलली. पळीच्या जागी चहाचा चमचा आला आणि पहिल्या दोन महिन्यांत दोन किलो उतरले. आडत दुकानात तुरीची पोती मोजायचा काटा आहे, त्यावर मी दर सोमवारी उभा राहत असे. हमाल ओळखीचे होते. पन्नास किलोंचं पोतं म्हणजे त्यांचा कट्टा. एकजण म्हणायचा, "मास्तर, दीड कट्टा आन् वर फुटकळ." दोन किलो उतरले तेव्हा त्यानं बाकीच्यांना हाक मारून आकडा दाखवला.

आणि तिथं काटा थांबला. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. मी तूप एका चमच्यावरून अर्ध्यावर आणलं. लोण्याकडं बघणं सोडलं. पनीर पुरवणीवाल्यांना फार आवडतं म्हणून एकदा आणलं होतं, पण त्यातही साय असते हे कळल्यावर ते अक्कानंच तळून खाल्लं. सकाळी उठून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येऊ लागलो. सोमवारी काट्यावर तोच आकडा. हमालांनी हळूहळू वर बघणंही सोडलं.

मग मला अक्काचा संशय आला. हे लिहायला लाज वाटते. आमटीत, भाजीत कुठंतरी ती माझ्या नकळत तूप सोडत असणार, असं मला वाटू लागलं. ती मला वाळताना बघू शकत नव्हती. भावजय गेली आणि भाऊही सुकत चालला, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. दोन किलोंत कुणी सुकत नाही, पण थोरल्या बहिणीच्या डोळ्याला कोणता काटा लावणार? तेव्हा मी काचेच्या बरणीवर, तूप जिथपर्यंत होतं तिथं, पेन्सिलीनं बारीक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या रेघेखाली कुंकवाची दुसरी रेघ. तिच्याखाली तिसरी, जरा जाड.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"वरची तुझी. मधली माझी, काल भाकरीला घेतलं ते. खालची उद्याची, आताच मारून ठेवली. रोज रोज पेन्सिल कामून झिजवायलास?"

मी बरणी पुसून ठेवली. तेल, तूप, लोणी, अक्का, सगळ्यांवर माझा संशय घेऊन झाला. दुधावर मात्र आला नाही. ते पातळ आहे हे कागदावर लिहिलेलं होतं, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. रोज तापवलेल्या दुधावर भाकरीसारखी साय धरत होती. अक्का ती दोन हातांनी उचलून वाडग्यात ठेवायची आणि खूश व्हायची. तिला आधीचं दूध माहीत नव्हतं. मला आधीचंही माहीत नव्हतं आणि आताचंही. मी आयुष्यभर दूध फक्त प्यालो होतो, बघायचं काम दुसरीकडं होतं.

आमचा गवळी वीस-बावीस वर्षांपासून येतो. सकाळी सायकलला दोन्हीकडं कॅन लावून दारात घंटी वाजवायचा, आणि माझी बायको पातेलं घेण्याआधी अंगठा पुढं करायची. तो नखावर एक थेंब टाकायचा. ती अंगठा तिरका धरायची आणि थेंब घरंगळला की दोघांचं सुरू व्हायचं.

"कुठल्या हिरीचं आणलंस आज?"

"बाई, म्हशीनं पाणी जादा पेलं, त्याला म्या काय करू?"

"म्हशीला सांग, उद्या चारा खाऊन ये म्हणावं."

हे रोज. मी आत वाचत बसलेला असायचो आणि हा आवाज मला घड्याळासारखा होता. ती गेल्यावर पातेलं धरायला मी जाऊ लागलो. एका हातात पुस्तक असायचं, बोट पानात घातलेलं. तो ओतायचा, मी मान हलवायचो. आठ महिन्यांत आम्ही एकमेकांशी दहा वाक्यं बोललो नसू.

श्रावणात एका पुरवणीत साय काढलेल्या पिशवीच्या दुधाची स्तुती आली. मी एक पिशवी आणून बघितली. अक्कानं तिचा चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून खिडकीबाहेर बघितलं.

"ह्याला दूध म्हणायलेत व्हय? भांडं विसळलेलं पाणी बरं ह्याच्यापरीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलं घेऊन बाहेर गेलो, तर गवळी पायरीवर पडलेली ती रिकामी पिशवी हातात घेऊन उभा होता. चेहरा उतरलेला.

"मास्तर, माझं काय चुकलं?"

"काही नाही. मला वजन उतरवायचंय. डॉक्टरनं सांगितलंय." आणि मग, फार समजूतदारपणे बोलतोय असं वाटून, मी म्हणालो, "तुम्हीच जरा पातळ द्या की. नेहमी घालता त्याहून थोडं जास्त पाणी घातलंत तरी माझी तक्रार नाही."

त्यानं कॅन खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मग दारातून आत हाक मारली, "अक्का, जरा भायेर या."

अक्का हात पुसत आली.

"अंगठा करा इकडं."

तिनं काही न विचारता अंगठा पुढं केला. त्यानं मापातून एक थेंब नखावर सोडला. अक्कानं अंगठा तिरका केला, आणखी तिरका केला, जवळजवळ उभा धरला. थेंब हलला नाही.

"पाणी हाय का बघा ह्यात," तो म्हणाला. "एक थेंब असंल तर उद्यापासनं ह्या दारात येणार न्हाई."

"पण घालत होतात की," मी म्हणालो. मला ते भांडण पाठ होतं. "ती तर रोज म्हणायची."

"घालत होतो. न्हाई कुठं म्हणायलोय?" तो जरा वेळ कॅनच्या झाकणाशी खेळत राहिला. "बाई रोज बघायच्या. त्या बघायच्या, म्या घालायचो. त्यांचं काम त्या करायच्या, माझं म्या. तुम्ही पातेलं पुढं करताव अन् पुस्तकात बघताव. मास्तर, जो बघतच न्हाई त्याला कसं घालू? त्यांचे दिवस झाले तवापासनं ह्या घराला पाणी घातलं न्हाई."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. एवढ्या महिन्यांत लोकांनी माझ्यासमोर तिच्याबद्दल बरंच काही म्हटलं होतं, आणि मी ते नीट ऐकूनही घेतलं होतं. हा माणूस काहीच म्हणाला नव्हता. रोज सकाळी तिच्या नावानं एक लिटर निर्भेळ दूध माझ्या पातेल्यात ओतत होता आणि मी पानात बोट घालून मान हलवत होतो.

बोलली ती अक्का. "तुझं बरोबर हाय बाबा. पण आमच्या भावाचं पोट कसं उतरावं? त्याचा सगळा कागद तुझ्या पाण्यावर लिवलाय."

"मग?"

"मग घाल की थोडं."

"ते आता माझ्या हातानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमाला घालायचं तर घरात घाला. दारात न्हाई."

शेवटी तडजोड झाली ती अशी: एका लिटरचं अर्धा लिटर. त्यालाही तो लगेच तयार झाला नाही. घर दुखात असताना रतीब कमी केला तर गावात काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. गाव वजन करत नाही, आडतवाले करतात, असं अक्कानं त्याला समजावलं.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या. मग पूर्ण गोष्ट ऐकली आणि कागद उलटा केला. "म्हणजे इतके महिने मी तुमच्या बायकोच्या गणितावर चालले होते," त्या म्हणाल्या. नवीन टिपण सोपं होतं. चहा दोन वेळा. दूध तापवून गार करून साय काढायची, पुन्हा तापवून पुन्हा काढायची. दही एक वाटी, त्याच दुधाचं. बाकी ताक, लोणी काढलेलं, हवं तेवढं. तूप अर्ध्यावरून परत एक चमचा केलं. "एवढं राहू द्या, नाहीतर भाकरी गिळवणार नाही आणि तुम्ही सगळंच सोडून द्याल."

साय अक्काच्या वाट्याला गेली. तिचं वजन त्यानं पावभरही वाढलं नाही. या अन्यायाचं स्पष्टीकरण मला कोणत्याही पुरवणीत मिळालं नाही.

पातेलं घ्यायला जाताना मी पुस्तक आत ठेवू लागलो. पहिल्या दिवशी गवळी ओतता ओतता थांबला. "आता बघायलाव व्हय मास्तर? मग घालू का सुरू?" मी म्हणालो, घालून बघा. मला थेंबातलं अजून काही कळत नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे मला.

काटा भाद्रपदात हलला. दसऱ्यापर्यंत पाच किलो, दिवाळीनंतर सात. हमाल पुन्हा वर बघू लागले. शेजारणी अक्काला विचारायला लागल्या की मास्तर फारच मनाला लावून घ्यायलेत का. अक्का त्यांना गंभीर चेहऱ्यानं व्हय म्हणायची. दुधाचं सांगत बसायला तिला वेळ नव्हता. वर्षाचा दिवस आला तेव्हा बारातले नऊ उतरले होते. तीन माझ्याजवळच राहिले होते.

नाल्यापर्यंत आम्ही सगळे ट्रॅक्टरमधून गेलो. पुतणे उतरले आणि सवयीनं माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. मी नको म्हणालो. ते दोन पावलं मागं सरले आणि तिथंच चालत राहिले, जणू काही मागं राहायचं त्यांनीच ठरवलं होतं.

बांधावर दव होतं. एका बाजूला ज्वारी पोटरीत आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतात, दुसऱ्या बाजूला हरभरा. पहिल्या अर्ध्या वाटेत मी तीनदा थांबलो, पुढच्या अर्ध्यात किती वेळा ते मोजलं नाही. गुडघा दुखत होता, पण माझा भार उचलून पुढं जात होता. बाकीची माणसं पुढं निघून गेली होती. त्यांचा आवाज येईनासा झाला तेव्हा क्षणभर मला वाटलं की आपण पुन्हा उशीर करतोय. मग वळणावर ती सगळी दिसली. उभी होती. कुणी काही सुरू केलं नव्हतं.

समाधीचा कट्टा माझ्या मनात होता त्यापेक्षा लहान निघाला. चारी बाजूंनी गवत आलं होतं. ते कुणीतरी आज सकाळीच कापलेलं होतं. पुतण्यानं विभूती आणि बेलाची पानं माझ्या हातात दिली. खाली बसायला मला वेळ लागला. आधी डावा पाय, मग हात टेकून, मग उजवा पाय तसाच लांब. कुणी धरलं नाही. मी विभूती लावली, पानं ठेवली.

मनात बोलायचं बरंच ठरवून आलो होतो. श्वासच जागेवर नव्हता. तो जागेवर आला तोपर्यंत काय ठरवलं होतं ते आठवेना, आणि आठवायची गरजही वाटली नाही. दगड उन्हानं कोमट झाला होता. मी त्यावर हात ठेवून बसलो.

बराच वेळ गेला असावा. बाकीचे झाडाखाली जेवणाची तयारी करायला लागले होते. अक्का माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली.

"निघायचं का?"

"थांब," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली. बांधावर पाय पसरून बसली, हाताजवळचा हरभऱ्याचा एक डहाळा उपटला आणि एक एक घाटा फोडून खात राहिली.